घरच्या वाय-फायवर मुलांसाठी फिल्टर : राउटरवर नेमके काय बदलावे?

मनीषनगर_पालक

नमस्कार. आमच्याकडे फायबरची जोडणी आहे. कंपनीने बसवलेला डबा दिवाणखान्यात आहे आणि त्याचा सिग्नल आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचत नसल्यामुळे सीताबर्डीहून आणलेला दुसरा राउटर केबलने त्याला जोडून मधल्या खोलीत ठेवला आहे. थोरली मुलगी दहावीत गेली आहे, धाकटा सहावीत आहे, यजमान घरून काम करतात आणि सासूबाई टीव्हीवर यूट्यूबवरील कीर्तने ऐकतात. एकाच जोडणीवर प्रत्येकाची गरज वेगळी आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुटीभर मुले दुपारी घराबाहेर पडू शकत नाहीत आणि फोन किंवा टॅब हातात असण्याचा वेळ वाढतो.

मधल्या खोलीतल्या राउटरच्या पानावर ‘पेरेंटल कंट्रोल’ असा विभाग आहे. तिथे काही आक्षेपार्ह शब्दांची यादी भरली आणि रात्री दहानंतर मुलांच्या फोनचे इंटरनेट बंद होईल असा नियम केला. त्यानंतर दोन गोष्टी दिसल्या. यादीतले शब्द असलेली काही पाने मुलाच्या फोनवर तरीही उघडतात, आणि रात्रीचा नियम काही दिवस पाळला जातो तर काही दिवस अजिबात पाळला जात नाही. इंटरनेट बंद करून टाकण्याचा आमचा विचार नाही, कारण मुलीच्या शिकवणीच्या चाचण्या ऑनलाइन असतात. फिल्टर कोणत्या ठिकाणी लावला असता तो खरोखर लागू पडेल, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

विदर्भ_नेटवर्क

ताई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या पहिल्याच परिच्छेदात आहे. घरात दोन डबे आहेत आणि बहुधा दोन्ही स्वतःचे वाय-फाय देत आहेत. आपण नियम लावले ते मधल्या खोलीतल्या राउटरवर. दिवाणखान्यातल्या डब्याचा पासवर्ड मुलाच्या फोनमध्ये आधीपासून जतन केलेला असेल तर फोन त्या डब्याला जोडला जातो, आणि मग त्याची वाहतूक आपल्या राउटरमधून जातच नाही. मुलाने काही युक्ती केलेली असेलच असे नाही, कारण जतन केलेल्या जाळ्यांपैकी ज्याचा सिग्नल चांगला त्याला फोन स्वतःहून जोडला जातो. कोणताही फिल्टर लावण्यापूर्वी घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर जाण्याची वाट एकच आहे का, हे तपासावे.

यासाठी कंपनीच्या डब्यावरचे वाय-फाय बंद करावे. डब्याच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर त्याच्या पानाचा पत्ता, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. तिथे जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन्ही वाय-फाय बंद करावीत. डबा मात्र चालूच ठेवावा, कारण फायबर त्यातच उतरते आणि लँडलाइनचा फोन असेल तर तोही त्यातूनच चालतो. पान उघडताना एक अडचण हमखास येते. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आपण एकाचे पान उघडायला जातो आणि समोर दुसऱ्याचे येते. आपल्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ असा केला की हा गोंधळ संपतो. (हे आणि खालचे सर्व पत्ते राउटरमध्ये भरताना इंग्रजी अंकांत भरावेत.)

डब्याला ‘ब्रिज मोड’मध्ये टाकावे, म्हणजे डबा जोडणी फक्त पुढे देईल आणि बाकीचे काम आपला राउटर करेल, असा सल्ला पुष्कळ जण देतील. तो चुकीचा नाही, पण त्यासाठी जोडणीचे वापरकर्ता नाव व पासवर्ड कंपनीकडून मागून घ्यावे लागतात आणि आपल्या कामासाठी त्याची गरज नाही. उलट आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये नाही ना, हे जरूर पाहावे. त्या मोडमध्ये तो फक्त सिग्नल पुढे पाठवतो आणि बहुतेक राउटरांत पेरेंटल कंट्रोलचा विभाग त्या वेळी निष्क्रिय होतो.

आता शब्दांच्या यादीविषयी. आज जवळपास सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात. फोन आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो. राउटरला फार तर संकेतस्थळाचे नाव कळते, त्यातले पान कोणते आणि त्या पानावर कोणते शब्द आहेत, हे त्याला दिसू शकत नाही. त्यामुळे आपण भरलेला शब्द संकेतस्थळाच्या नावातच असेल तर नियम लागू पडतो आणि पानाच्या मजकुरात किंवा शोधाच्या शब्दांत असेल तर पडत नाही. शिवाय अनेक राउटर हे नाव टीसीपी या जुन्या पद्धतीच्या जोडणीतल्या सुरुवातीच्या संदेशातून वाचतात. क्रोमसारखे ब्राउझर आणि यूट्यूबचे ॲप मात्र क्विक नावाची यूडीपीवर चालणारी नवी पद्धत वापरतात आणि अशा राउटरांना ती वाचता येत नाही. शब्दांच्या याद्या वाढवत बसण्यात आपला वेळ जाईल आणि हाती फारसे काही लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट ‘सेक्स’ हा शब्द अडवला की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचे संकेतस्थळही अडते.

त्याऐवजी डीएनएसवर फिल्टर लावावा. फोनला कोणतेही संकेतस्थळ उघडायचे असले तरी आधी त्याच्या नावावरून अंकी पत्ता विचारावा लागतो आणि ही विचारणा ज्या सर्व्हरकडे जाते त्याला डीएनएस म्हणतात. तो सर्व्हर प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांचा पत्ता देण्यास नकार देणारा निवडला की ती संकेतस्थळे घरातल्या कोणत्याही उपकरणावर उघडत नाहीत, आणि यादी अद्ययावत ठेवण्याचे काम ती सेवा करते. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. तिचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३ असे आहेत. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचे पत्ते २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ आहेत. क्लीनब्राउझिंगची कौटुंबिक सेवा १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ या पत्त्यांवर आहे. ती अधिक कडक आहे. गूगल आणि बिंग यांचा सुरक्षित शोध आणि यूट्यूबचा मर्यादित मोड ती सक्तीने लावते आणि व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे कुलूपबंद नेणारी वाट) पुरवणारी संकेतस्थळेही अडवते.

हे पत्ते राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ विभागात, डीएनएसच्या दोन्ही रकान्यांत भरावेत. बरेच जण पहिल्या रकान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८ भरतात. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जातो, अशी त्यामागे समजूत असते. पण अनेक राउटर आणि उपकरणे दोघांपैकी कोणालाही विचारतात, आणि गूगलचा तो सर्व्हर काहीही गाळत नाही. दोन्ही रकान्यांत एकाच सेवेचे पत्ते असले पाहिजेत. त्यानंतर ‘डीएचसीपी’ (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटून देणाऱ्या) विभागात जाऊन तिथला डीएनएस रकाना रिकामा आहे किंवा त्यात राउटरचाच पत्ता आहे, याची खात्री करावी. तिथे कोणी दुसरा पत्ता भरून ठेवला असेल तर उपकरणे राउटरला न विचारता परस्पर त्या पत्त्याकडे जातात.

मनीषनगर_पालक

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. कंपनीच्या डब्यावरचे वाय-फाय आज बंद केले आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला मधल्या राउटरवर आणले. टीव्ही केबलने थेट डब्याला जोडलेला होता, तोही राउटरला जोडून घेतला. आता डीएनएस बदलल्यावर फिल्टर लागू झाला आहे हे तपासायचे कसे? त्यासाठी तसले संकेतस्थळ उघडून पाहणे मला योग्य वाटत नाही.

विदर्भ_नेटवर्क

त्याची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने याच कारणासाठी ‘न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ (nudity.testcategory.com) हे तपासणीचे नाव ठेवले आहे. त्यावर आक्षेपार्ह काहीही नाही, पण १.१.१.३ त्याला प्रौढ संकेतस्थळ मानून अडवतो. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एनएसलुकअप’ (nslookup) ही आज्ञा आणि पुढे ते नाव टंकावे. उत्तरात ०.०.०.० असा पत्ता आला तर फिल्टर चालू आहे. खरा पत्ता आला तर विचारणा अजून दुसरीकडे कुठे तरी जात आहे. तपासण्यापूर्वी वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे, कारण उपकरणे आधी मिळालेली उत्तरे काही काळ लक्षात ठेवतात.

महाल_शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि पालकसभेत हा विषय दरवर्षी निघतो, म्हणून दोन गोष्टी मांडते.

पहिली गोष्ट याद्यांविषयी. परीक्षेचे वर्ष आले की काही पालक ‘फक्त परवानगी दिलेलीच संकेतस्थळे उघडतील’ असा पर्याय निवडतात. तो कागदावर सर्वांत सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात शिकवणीचे एक साधे ॲपसुद्धा स्वतःच्या नावाखेरीज व्हिडिओसाठी एका सर्व्हरला, प्रवेशासाठी दुसऱ्याला आणि चित्रांसाठी तिसऱ्याला बोलावत असते आणि ती नावे पालकांना माहीत असण्याचे कारण नाही. चाचणी सुरू होते, प्रश्नातली आकृती दिसत नाही, वेळ मात्र पुढे सरकत राहते आणि मूल रडकुंडीला येते. असे प्रसंग विद्यार्थ्यांकडून मी अनेकदा ऐकले आहेत. दहावीच्या मुलीसाठी हा पर्याय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सहावीतल्या मुलाच्या टॅबवर तो काही काळ चालू शकेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. बऱ्याच राउटरांत कोणत्या उपकरणावर कोणती संकेतस्थळे उघडली याची नोंद ठेवण्याची सोय असते. फिल्टर लावणे आणि ही नोंद वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराचे नियम ठरवण्याचा अधिकार आईवडिलांना आहे, पण पंधरा वर्षांची मुलगी कोणत्या आजाराविषयी किंवा स्वतःच्या शरीराविषयी काय शोधते, हे रोज रात्री वाचून काढणे मला अयोग्य वाटते. एकदा विश्वास तुटला की मूल मैत्रिणीच्या फोनवर शोधू लागते आणि तिथे ना तुमचा फिल्टर असतो ना तुम्ही. नियम लावताना दोन्ही मुलांना समोर बसवून काय अडवले आहे, का अडवले आहे आणि अभ्यासाचे एखादे पान चुकून अडले तर कोणाला सांगायचे, हे स्पष्ट सांगावे. फिल्टर चुका करतो. जीवशास्त्राच्या प्रकल्पाचे पान अडले आणि विचारायची सोय नसली की मुलाला नियमच अन्यायाचा वाटू लागतो.

विदर्भ_नेटवर्क

शिक्षिका ताईंशी पूर्ण सहमत. नोंदीचा उपयोग मी फक्त बिघाड शोधण्यासाठी करतो आणि घरात तसे सांगितलेलेही आहे.

आता रात्रीच्या नियमाकडे वळू. तो कधी लागतो आणि कधी लागत नाही याचे एक कारण फोनच्या पत्त्यात असू शकते. राउटर प्रत्येक उपकरणाला त्याच्या मॅक पत्त्यावरून ओळखतो. पूर्वी हा १२ चिन्हांचा पत्ता यंत्राबरोबर कायमचा असे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी प्रत्येक वाय-फायला वेगळा, स्वतः तयार केलेला पत्ता दाखवतात. नियम एका पत्त्यावर लावलेला असतो आणि फोन दुसऱ्याच पत्त्याने हजर होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो तयार केलेला पत्ता समजावा. अँड्रॉइडमध्ये घरच्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन ‘प्रायव्हसी’खाली ‘डिव्हाइस मॅक’ निवडावा, आयफोनमध्ये त्याच ठिकाणी ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करावा. हा बदल फक्त घरच्या जाळ्यापुरता करावा. बाहेर, रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात, ती सोय चालू असणेच हिताचे आहे.

तरीही ज्या मुलाच्या हाती फोन आहे त्याला हे बटण पुन्हा दाबता येते. म्हणून नियमांची दिशाच उलटी ठेवावी. मुलांची उपकरणे शोधून त्यांना बंधन घालण्याऐवजी संपूर्ण जाळ्यावर बंधन ठेवावे आणि मोठ्यांची ठरावीक उपकरणे त्यातून वगळावीत. असे केले की नवा किंवा बदललेला पत्ता आपोआप कडक नियमात येतो. आपल्या राउटरमध्ये वगळण्याची सोय नसेल तर दुसरे वाय-फाय नाव तयार करावे, रात्रीची वेळमर्यादा मुलांच्या नावाला लावावी आणि मोठ्यांच्या नावाचा पासवर्ड मुलांना देऊ नये. बहुतेक राउटरांतली ‘गेस्ट नेटवर्क’ ही सोय यासाठी वापरता येते. ‘डब्ल्यूपीएस’ मात्र बंद करावे, कारण ते चालू असेल तर राउटरजवळ जाऊन बटण दाबले की कोणतेही उपकरण पासवर्डशिवाय जोडले जाते.

हुडकेश्वर_रहिवासी

रात्रीच्या नियमाचे आणखी एक कारण आपल्या हवामानात आहे आणि ते वगळून चालणार नाही.

साध्या घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो. पुन्हा चालू झाला की कित्येक राउटर १ जानेवारी १९७० या तारखेपासून मोजायला लागतात आणि इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून खरी वेळ मिळेपर्यंत तसेच राहतात. ती मिळाली नाही किंवा ती सोयच बंद असली तर राउटरच्या हिशेबात रात्रीचे दहा कधी तरी भलत्याच वेळी वाजतात. मे महिन्यात वीज जाण्याचे प्रसंग वाढतात, शिवाय बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या खिडकीत किंवा बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून स्वतःच पुन्हा सुरू होतो. ज्या दिवशी नियम पाळला गेला नाही त्या दिवशी वीज गेली होती का, हे ताईंनी आठवून पाहावे.

उपाय असा की राउटरच्या ‘सिस्टिम टाइम’ विभागात एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय, चालू करावे आणि वेळक्षेत्र जीएमटी +५:३० निवडावे. नव्या राउटरवर पुष्कळदा भलतेच वेळक्षेत्र आधीपासून निवडलेले असते. राउटर भिंतीवर, हवेशीर आणि उन्हापासून दूर लावावा. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस घेतला तर डबा आणि राउटर दोन्ही चालू राहतात, पण घेताना अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२ व्होल्ट, आणि किती ॲम्पिअर, हे वाचूनच घ्यावा.

वेळेचा नियम लिहितानाही एक बारकावा आहे. रात्री १० ते सकाळी ६ असा मध्यरात्र ओलांडणारा नियम काही राउटर स्वीकारतात पण पाळत नाहीत. अशा वेळी १० ते ११:५९ आणि १२ ते ६ असे दोन नियम करावे लागतात. शुक्रवार आणि शनिवारी मुलांना सूट द्यायची असेल तर मध्यरात्रीनंतरचा तुकडा दुसऱ्या वारात मोजला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

धरमपेठ_घरून_काम

वरच्या चर्चेत आयपीव्ही६चा, म्हणजे इंटरनेटवरच्या अंकी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, उल्लेख आलेला नाही. आपल्याकडच्या अनेक फायबर जोडण्या आता आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते देतात. राउटरवर डीएनएस बदलताना आपण बदलतो तो आयपीव्ही४चा रकाना. आयपीव्ही६चे पान वेगळे असते आणि त्यात सेवा देणाऱ्या कंपनीचाच डीएनएस तसाच राहतो. फोन त्याला विचारतो आणि फिल्टर लावूनही न लावल्यासारखा होतो. ‘एनएसलुकअप’च्या उत्तरात सुरुवातीच्या दोन ओळींत सर्व्हरचे नाव आणि पत्ता दिसतो. तो पत्ता ठिपक्यांऐवजी विसर्गासारख्या ‘:’ चिन्हांनी तोडलेला, लांबलचक असेल तर विचारणा आयपीव्ही६ने जात आहे असे समजावे. त्या पानावर निवडलेल्या सेवेचेच आयपीव्ही६ पत्ते भरावेत. राउटरमध्ये तसा रकानाच नसेल तर घरातल्या जाळ्यावर आयपीव्ही६ बंद करावे. सर्वसाधारण घरगुती वापरात त्याने काही अडत नाही.

दुसरा मुद्दा यजमानांच्या कामाचा. कार्यालयाचा लॅपटॉप बहुधा व्हीपीएन वापरतो आणि तो चालू झाला की त्याच्या विचारणा कार्यालयाच्या डीएनएसकडे जातात, म्हणजे फिल्टरचा त्याच्या कामावर परिणाम होत नाही. पण याच वाटेने मुलांच्या फोनवरचे व्हीपीएन ॲपही फिल्टरबाहेर जाते. व्हीपीएनची नेहमीची पोर्टे (वाहतुकीची क्रमांक दिलेली दारे), म्हणजे ओपनव्हीपीएनचे ११९४, वायरगार्डचे ५१८२० आणि आयपीसेकची ५०० व ४५००, सगळ्या घरासाठी बंद केली तर कार्यालयाचा लॅपटॉपही अडेल. म्हणून तो लॅपटॉप वगळलेल्या यादीत ठेवून मगच हे करावे. अनेक ॲपे साध्या संकेतस्थळांचे ४४३ हेच पोर्ट वापरतात आणि ते बंद करता येत नाही. तिथे फोनवरची व्यवस्था लागते. गूगलचे फॅमिली लिंक किंवा आयफोनचा स्क्रीन टाइम वापरून नवे ॲप घेण्यासाठी पालकांची परवानगी आवश्यक केली की प्रश्न बराचसा सुटतो.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. ती ‘स्वयंचलित’ असेल तर फोन आपल्या राउटरने दिलेल्याच सर्व्हरला विचारतो, त्यामुळे हरकत नाही. कोणी तिथे दुसऱ्या सेवेचे नाव भरले तर मात्र विचारणा थेट बाहेर जाते. ही विचारणा ८५३ या पोर्टवरून जाते. राउटरवर बाहेर जाणारे ८५३ बंद केले की तसे नाव भरलेल्या फोनचे इंटरनेट चालत नाही आणि ते काढून टाकावेच लागते. त्याच वेळी राउटर सोडून इतर उपकरणांना साध्या डीएनएस विचारणेचे बाहेरचे ५३ पोर्टही बंद करावे. म्हणजे कोणी फोनमध्ये ८.८.८.८ हाताने भरला तरी उत्तर मिळणार नाही.

मनीषनगर_पालक

सर्वांच्या सूचना एकेक करून अमलात आणल्या. आयपीव्ही६च्या पानावर खरोखरच जुना डीएनएस होता. तो बदलल्यावर तपासणीच्या नावाला ०.०.०.० हे उत्तर यायला लागले. राउटरचे वेळक्षेत्रही भलतेच होते, ते दुरुस्त केले आणि नियमाचे दोन तुकडे केले. मुलांना बसवून सगळे सांगितले. मुलीने दहाची वेळ साडेदहा करून मागितली, कारण शिकवणीचे शंकानिरसन दहापर्यंत चालते. ते रास्त वाटले म्हणून तसे केले.

एक प्रश्न उरला आहे. आधी क्लीनब्राउझिंग लावून पाहिले, तेव्हा यूट्यूबवर प्रतिक्रिया दिसेनाशा झाल्या आणि सासूबाईंची काही कीर्तनेही सापडेनात. क्लाउडफ्लेअरवर परत आल्यावर त्यांचे ठीक झाले, पण धाकटा टीव्हीवर यूट्यूब हवे तितके पाहू शकतो. याला मधला मार्ग आहे का?

विदर्भ_नेटवर्क

प्रतिक्रिया दिसत नव्हत्या, कारण यूट्यूबच्या मर्यादित मोडमध्ये त्या लपवल्या जातात आणि क्लीनब्राउझिंग तो मोड संपूर्ण जाळ्यावर लावते. डीएनएसवरून यूट्यूबचे कोणते व्हिडिओ चालावेत हे ठरवता येत नाही. त्याला नाव माहीत असते, व्हिडिओ नाही. त्यामुळे निवडीचा प्रश्न खात्यावर आणि वेळेचा प्रश्न राउटरवर सोडवावा. टीव्हीवर सासूबाईंचे खाते वेगळे आणि मुलासाठी यूट्यूब किड्स किंवा पालकांच्या देखरेखीचे खाते वेगळे ठेवावे. टीव्ही हे एक स्थिर उपकरण आहे, त्याचा मॅक पत्ता सहसा बदलत नाही, म्हणून त्याला राउटरवर वेळेचा नियम नीट लागतो. दुपारी सासूबाईंच्या कीर्तनाची वेळ आणि संध्याकाळी मुलाची वेळ अशी विभागणी करता येईल. वेळ संपली तरी चालू असलेला व्हिडिओ काही मिनिटे चालत राहिला तर गोंधळून जाऊ नये. काही राउटर नव्या जोडण्या अडवतात, पण आधीच्या तोडत नाहीत.

मुलाच्या फोनमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटावर यापैकी काहीही लागू होत नाही, हे गृहीत धरून चालावे. त्या वाहतुकीचा आपल्या राउटरशी संबंधच येत नाही.

नंदनवन_घरमालक

आमच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारे तीन विद्यार्थी भाड्याने राहतात आणि वाय-फाय भाड्यातच धरलेले आहे. ते सज्ञान आहेत. त्यांच्यावर मी मुलांसारखे बंधन घालणे योग्य ठरेल का, आणि न घातल्यास माझ्या घरातल्या उपकरणांना काही धोका आहे का?

विदर्भ_नेटवर्क

सज्ञान भाडेकरूंवर कौटुंबिक फिल्टर लावू नये, असे मला वाटते. लावायचाच असेल तर त्यांना आधी सांगून लावावा. जोडणी आपल्या नावावर असल्यामुळे दोन गोष्टी करणे मात्र आपल्या हिताचे आहे. त्यांना गेस्ट नेटवर्क द्यावे आणि त्यात ‘घरातील जाळ्यात प्रवेश’ हा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे त्यांच्या उपकरणांना आपला संगणक किंवा कॅमेरा दिसणार नाही. आपल्या राउटरवर गेस्टसाठी वेगळा डीएनएस ठेवता येत असेल तर तिथे क्लाउडफ्लेअरचे १.१.१.२ आणि १.०.०.२ हे पत्ते भरावेत. ते फक्त व्हायरस पसरवणारी आणि फसवणुकीची संकेतस्थळे अडवतात. घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठीही हीच निवड उपयोगी आहे, कारण बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या दुव्यांपैकी बरेचसे त्यात अडतात. सगळे अडतातच असे नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

शेवटी सर्वांसाठी राहिलेली कामे. राउटरच्या पानाचा मूळचा पासवर्ड बदलून वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा आणि बाहेरून राउटर हाताळू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद असल्याचे पाहावे. मागच्या बारीक छिद्रातली कळ काही सेकंद दाबून धरली की सर्व नियम पुसले जाऊन राउटर कोरा होतो. म्हणून सर्व रचना मनासारखी झाली की ‘बॅकअप’ विभागातून तिची फाइल उतरवून मोठ्यांच्या संगणकावर ठेवावी. राउटर कोरा झालाच तर तीच फाइल परत चढवली की वर चर्चिलेले सगळे नियम जसेच्या तसे परत येतात.